मागच्या सीटवरून गाडी निवडताना

आमच्या बेळगाव भागात गाडी बघायला गेलेला माणूस आधी पत्रा वाजवतो. बॉनेटवर बोटांनी टकटक करतो, दार उघडून धाडदिशी लावतो, कान देऊन आवाज ऐकतो आणि निकाल सांगतो, ‘गच्च हाय, पत्रा चांगला हाय’ नाहीतर ‘डबा हाय ओ, ह्यात काय दम न्हाई.’ निपाणीत असो, चिक्कोडीत असो की खानापुरात, ही परीक्षा सगळीकडे सारखीच. तिच्यामागची काळजी खरी आहे. त्या गाडीत आपली माणसं बसणार असतात आणि रस्ते कसले आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण टकटक केल्यावर येतो तो आवाज कातडीचा. अपघातात माणसाला वाचवतात ती हाडं, आणि ती बोटांनी वाजवून कळत नाहीत.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघतो. आमचे तात्या, म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर फौंड्रीत मोल्डर होते. बेळगावात अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. कुणी लेथवर, कुणी कास्टिंगच्या फेटलिंगला म्हणजे घासून साफ करायला, कुणी पंपाचे सुटे भाग तपासणारा. म्हणून घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं आणि मी सुरक्षिततेचा शोध घ्यायला लागलो, तेव्हा सुरुवात मला फौंड्रीतूनच सापडली. ग्रे आयर्नच्या, म्हणजे साध्या बिडाच्या तुकड्यावर घण मारला तर तो वाकत नाही, सरळ फुटतो. त्याच रसात मॅग्नेशियम घालून आतल्या ग्रॅफाइटचा आकार गोल केला की एसजी आयर्न तयार होतं. ते आधी वाकतं आणि मग तुटतं. कडक असणं निराळं आणि धक्का पोटात घेणं निराळं, हे फौंड्रीत नव्यानं लागलेल्या पोरालाही लवकरच कळतं. शोरूममध्ये गेल्यावर मात्र आपण सगळेच कडकपणा शोधायला लागतो.

धावत्या गाडीत जी ऊर्जा असते ती धडकेच्या क्षणी कुठंतरी जायलाच हवी. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर झाला तर ती पावणेदोनपटीहून जास्त वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. गाडीचं नाक चुरगळलं तर त्या चुरगळण्यात ती खर्च होते आणि आतल्या माणसाला थांबायला थोडी जास्त जागा, थोडा जास्त वेळ मिळतो. हा वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतका असतो, पण तेवढ्यावर छातीच्या फासळ्या ठरतात. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच याचं पेटंट घेतलं होतं. गाडीचे पुढचे आणि मागचे टोक मऊ, मधली माणसांची खोली टणक. आजची प्रत्येक चांगली गाडी त्याच विचारावर उभी आहे. मधल्या खोलीच्या खांबांसाठी पोलादाचा पत्रा ९०० अंशांच्या वर तापवून डायमध्येच, म्हणजे साच्यातच दाबतात आणि तिथेच थंड करतात. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाचपट होते. बाहेरून टकटक केली तर या खांबाचा आवाजसुद्धा येणार नाही.

‘जुन्या गाड्या लोखंडी होत्या, आताच्या प्लास्टिकच्या’ असं आमच्याकडं चहाच्या टपरीवर रोज ऐकू येतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेनं २००९ साली याचीच परीक्षा घेतली होती. १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू समोरासमोर आणून धडकवल्या. जुन्या भारदस्त गाडीची केबिन कोसळली, स्टिअरिंग चालकाच्या पुतळ्यावर येऊन आदळलं. नव्या गाडीचं नाक गेलं, केबिन जागेवर राहिली. ज्यांना जुन्या लोखंडाबद्दल माया आहे त्यांनी ती चित्रफीत एकदा बघावी. अपघातानंतर नाक चेपलेली गाडी दिसली की आपण कंपनीला नावं ठेवतो. बघायला हवं ते वेगळंच. पुढच्या काचेच्या बाजूचा खांब मागं सरकला का, दारं हातानं उघडली का, पाय ठेवायची जागा शाबूत राहिली का, हे बघायचं.

आणि बंपरपुढं लावायचे ते लोखंडी गार्ड. आमच्याकडं नवी गाडी देवळासमोर नारळ फोडून आली की दुसऱ्या दिवशी गार्ड बसवायला जाते. चुरगळण्यासाठी मुद्दाम मऊ ठेवलेल्या भागाच्या पुढं आपण एक घट्ट दांडा बोल्ट करून ठेवतो, आणि धक्का थेट चेसिसकडं पाठवायची सोय करतो. एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोबही त्यानं बिघडू शकतो. रस्त्यावरच्या पायी माणसाचं काय होतं ते तर विचारायलाच नको. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून हे गार्ड काढायला लावा असं कळवलं होतं. तरी ते बसवणारी दुकानं चालू आहेत, कारण तात्यांसारख्या जाणत्या माणसालासुद्धा लोखंड बघितलं की धीर येतो. मी त्यांना एसजी आयर्नची आठवण करून दिली. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मग गार्ड नको बसवू बाबा.’

आता ताऱ्यांकडं येतो, म्हणजे धडकेच्या चाचणीत गाडीला मिळणाऱ्या शून्य ते पाच ताऱ्यांकडं. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरनं धडकवून बघितल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. त्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढं आहे. फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो यांचा सांगाडा धडकेत टिकला होता, आणि पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा धडकवली तेव्हा चार तारे मिळाले. उरलेल्या तिन्हींचा, म्हणजे अल्टो ८००, नॅनो आणि आय-टेन यांचा, सांगाडाच इतका कोसळला की एअरबॅग लावूनही फार फरक पडला नसता, असं परीक्षकांनी नोंदवलं. एअरबॅगचे आकडे मोजत बसणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. खोली टिकली तरच तिच्यातल्या उशांचा उपयोग.

तेव्हापासून पुष्कळ बदललं. २०१८च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. २०१९पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही. २२ ऑगस्ट २०२३ला भारत एनकॅप या आपल्या देशातल्या चाचणीची घोषणा झाली आणि १ ऑक्टोबरपासून ती चाचणी आपल्याकडंच व्हायला लागली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरनं, तीही गाडीच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर, कारण खऱ्या रस्त्यावर समोरून येणारा पूर्ण नाकावर क्वचितच येतो. बाजूची धडक ताशी ५० किलोमीटरनं, आणि खांबावर आडवी आदळण्याची चाचणी ताशी २९ किलोमीटरनं. मोठ्या माणसांसाठी ३२ गुण, मुलांसाठी ४९. पाच तारे हवे असतील तर पहिल्यात किमान २७ आणि दुसऱ्यात ४१. २०२४च्या नोव्हेंबरात मारुतीच्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या टॅक्सीवाल्यांनासुद्धा ताऱ्यांची भाषा बोलताना मी ऐकलं. दहा वर्षांपूर्वी हे लोक फक्त अ‍ॅव्हरेज विचारत होते.

एवढं सगळं वाचून मी निर्धास्त झालो असतो. मला थांबवलं ते मावशीच्या अपघातानं.

काही वर्षांपूर्वी मावशी, तिचा मुलगा आणि सून कोल्हापूरहून अंबाबाईचं दर्शन घेऊन परत येत होते. संकेश्वरच्या अलीकडं पुढच्या गाडीनं अचानक ब्रेक दाबला, यांनी गाडी वळवली आणि ती दुभाजकावर गेली. गाडी चांगली होती. पुढच्या दोघांचे पट्टे लावलेले होते, एअरबॅग फुटल्या, सून हाताला खरचटून स्वतःच्या पायानं बाहेर आली. मावशी मागं एकटीच बसली होती, पट्टा न लावता, कारण मागं कोण लावतं? ती पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. खुब्याचं हाड आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, कित्येक महिने अंथरुणावर काढले. मुलाला जी पाठीची दुखापत झाली ती गाडीमुळं झालेली नव्हती. मावशीचं वजन त्याच्या सीटवर येऊन आदळल्यामुळं झाली होती. जपानमधल्या अपघातांचा एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. मागचा माणूस विनापट्ट्याचा असेल तर पुढं पट्टा लावून बसलेल्याचा जीव जाण्याचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. मावशीला मी हे कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

तेव्हापासून मी ताऱ्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. समोरच्या धडकेच्या चाचणीत पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे पुतळे बसवतात. मागं दोन मुलांचे असतात, एक दीड वर्षाच्या आणि एक तीन वर्षांच्या मुलाएवढा, आणि तेही चाइल्ड सीटमध्ये नीट बांधलेले. मागच्या सीटवर मोठं माणूस नसतंच. म्हणजे आमची आई त्या परीक्षेत कुठंच नाही. पाच ताऱ्यांच्या गाडीतही तिच्या बाजूनं कुणी गुण दिलेले नाहीत, ते आपणच द्यायचे आहेत. आणि आमच्या घरांत मागं कोण बसतं? आई, आजी, बायको, पोरं. पुढची मानाची जागा घरातल्या कर्त्या पुरुषांची. गाडीतली सगळ्यात चांगली सोय नेमकी तिथंच असते.

२०२२च्या सरकारी अहवालात पट्टा न लावल्यामुळं मेलेल्यांचा आकडा १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळपास निम्मे. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, महागड्या मर्सिडीजच्या मागच्या सीटवर, पट्टा न लावलेले. त्यानंतर काही आठवडे सगळीकडं मागच्या पट्ट्याची चर्चा होती. आमच्याकडंही होती. मग दसरा, दिवाळी आली आणि गाड्यांत पुन्हा सात-सात, आठ-आठ माणसं बसायला लागली. ‘थोडं सरकून घ्या की’ हे वाक्य वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमधून घरच्या गाडीत कधी आलं ते कळलंच नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाताना पोराला मांडीवर घेणं म्हणजे माया, असं आपल्याला वाटतं. हिशोब करून बघा. दहा किलोचं बाळ, गाडीचा वेग ताशी ५०, आणि धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलोची ओढ सोसावी लागते. कुठल्याच आईच्या हातात ती ताकद नाही, कितीही घट्ट धरलं तरी.

म्हणून यावेळी गाडी बघायला जाताना मी आईला सोबत नेलं आणि तिला पहिल्यांदा मागं बसवलं. विक्री करणारा मुलगा चुणचुणीत होता, आमच्याशी मराठीत आणि मॅनेजरशी कन्नडमध्ये बोलत होता. तो सनरूफ दाखवायला उत्सुक होता. मी म्हटलं, ‘सनरूफ राहू दे, आईचा पट्टा लावून बघू.’ पहिल्याच गाडीत आई म्हणाली, ‘हे गळ्याला घासायलंय रे.’ आईची उंची कमी. पुढच्या सीटला बऱ्याच गाड्यांत पट्टा वरखाली करायची सोय असते, मागं बहुतेक गाड्यांत ती नसते, आणि बुटक्या बाईच्या खांद्यावरून जायचा पट्टा तिच्या मानेवर येतो. मानेवर येतो म्हणून ती तो काखेखाली घेते किंवा काढूनच टाकते. दुसऱ्या गाडीत पट्टा खांद्याच्या मधोमध आला, खालचा भाग पोटावर न येता खुब्याच्या हाडांवर बसला. तोच बरोबर. पोटावर आलेला पट्टा धडकेत आतड्यांना इजा करतो.

आणखी एक गोष्ट आईमुळंच कळली. एका गाडीत बकल सीटच्या गादीत इतकं रुतलेलं होतं की तिच्या संधिवाताच्या बोटांना ते सापडेचना. साडीचा घोळ सांभाळत, एका हातानं गादी दाबून दुसऱ्या हातानं पट्टा लावायचा म्हणजे तिनं दोनदा प्रयत्न केला असता आणि तिसऱ्यांदा सोडून दिलं असतं. ज्या गाडीत पट्टा लावणं सोपं ती गाडी जास्त सुरक्षित, असं मी आता ठामपणे म्हणतो. ही गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

मधली जागा हा आमच्या घराचा खरा प्रश्न होता. मी चालवणार, आप्पा पुढं, आणि मागं आई, बायको आणि मुलगी. मुलगी अजून लहान आहे, तिची चाइल्ड सीट एका बाजूला आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या कड्यांना अडकवायची. ही कडी साधारणपणे मागच्या दोन्ही कडेच्या जागांना असते, मध्ये नसते. मग आई दुसऱ्या कडेला, आणि बायको मध्ये. कितीतरी गाड्यांत मधल्या जागेला डोकं टेकायला हेडरेस्ट नसतं, आणि जुन्या मॉडेलांत तर फक्त कमरेचा पट्टा असतो. शिवाय चाइल्ड सीट बसवल्यावर उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं पट्टे लावून मावतात का, हे तिथं प्रत्यक्ष बसूनच कळतं. मी मेहुण्याची चाइल्ड सीट मागून आणून प्रत्येक शोरूममध्ये लावून बघितली. काही ठिकाणी लोक बघत राहिले. एका ठिकाणी मात्र तिथलाच एक मेकॅनिक पुढं आला, त्यानं वरचा टेदरचा पट्टा, म्हणजे चाइल्ड सीट पुढं कलंडू न देणारा पट्टा, कुठं अडकवायचा ते दाखवलं आणि म्हणाला, त्याच्या पोरासाठी त्यानंही हीच सीट घेतलीय. त्या माणसाशी बोलून फार बरं वाटलं.

चाइल्ड सीटबद्दल आमच्याकडं दोनच प्रतिक्रिया असतात, ‘ही परदेशी थेरं’ किंवा ‘पोर रडतंय, राहू दे.’ कायदा त्याबाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९४ब कलमाप्रमाणं १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावता नेलं तर एक हजार रुपये दंड. दंड कुणी केलेला मी बघितलेला नाही, पण तो मुद्दाच नाही. अगदी लहान बाळाची सीट मागं तोंड करून बसवायची, कारण त्याचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची. धक्का सगळ्या पाठीवर पसरायला हवा. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवायची नाही. फुटणारी एअरबॅग त्या सीटच्या पाठीवर येऊन आदळते. मुलीला सवय लागायला थोडे दिवस गेले. आता सीट नसेल तर तीच विचारते.

पैशाचं बोलतो. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स जास्त आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, त्यापुढं वीस लाखांपर्यंत १७. त्यामुळं दहाच्या आत बसवायच्या खटपटीत लोक मॉडेल खाली आणतात, आणि खाली आणताना काय सुटतं ते बघत नाहीत. माझा हिशोब साधा होता. आधी सांगाडा, मग सगळ्या जागांना तीन बिंदूंचे, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्ही धरणारे पट्टे, मग ईएससी, मग बाजूच्या आणि खिडक्यांवर पडद्यासारख्या उलगडणाऱ्या एअरबॅग. ईएससीला मी फार वर ठेवलं, कारण आमचं गोव्याला जाणं चोर्ला घाटातून आणि सावंतवाडीला आंबोलीतून. कणकुंबीच्या पुढं पावसाळ्यात रस्त्यावर जे पाणी आणि धुकं असतं, त्यात वळणावर गाडीचं मागचं टोक सुटायला लागलं तर ईएससी एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सरळ करते. अपघात होऊच नये याची ती तजवीज आहे. सनरूफ, मोठा टचस्क्रीन, रंगीत दिवे यांवर मी एक रुपया जास्त दिला नाही. त्याच घाटात सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेली पोरं बघितली की पोटात गोळा येतो.

ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांना वेगळं बघावं लागतं, आणि सीमाभागात कोल्हापूरच्या एमएच-०९च्या गाड्या इकडं येतात, बेळगावच्या केए-२२च्या तिकडं जातात, तेव्हा आधीच्या ठोकरीची गोष्ट वाटेतच गळून पडते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. लागलाच नाही तर बल्ब मुद्दाम काढलेला असू शकतो. पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या लेबलवरची तारीख गाडीच्या सालाशी जुळते का बघा. दाराचं रबर थोडं ओढून खांबावरचे वेल्डिंगचे ठिपके सारखे आहेत का, की कुणी नंतर हातानं जोडलंय, ते बघा. एकदा मोडून सरळ केलेल्या खांबावर तारे उरत नाहीत. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीवर बाजारातली जाड सीट कव्हर चढवू नका. आणि पट्ट्याचा आवाज बंद करायला मिळणारी ती चिमटी घेऊ नका. २०२३च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकणं बंद करायला लावलं होतं.

गाडी ठरली, पैसे भरले. पण या भागात राहणाऱ्या माणसाला एक भीती कुठलीच गाडी घालवून देत नाही, आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. चिक्कोडी, हुक्केरी, अथणी, निपाणी, संकेश्वर, सगळीकडं उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर येतात. दिवसा त्या दिसतात. रात्री मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि चाक पंक्चर झालं की ट्रॉली तिथंच रस्त्यात, मागं दोन दगड ठेवून उभी. धडकेच्या चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकासमोर येतो, सांगाड्याच्या दोन मुख्य दांड्यांना भिडतो, म्हणून नाक चुरगळून ऊर्जा खाऊ शकतं. ट्रॉलीचा मागचा भाग त्याच्यापेक्षा उंच असतो. बॉनेट तिच्याखाली सरकतं आणि पहिली धडक पुढच्या काचेला आणि तिच्या खांबांना बसते. चुरगळायला ठेवलेला भाग कामालाच येत नाही. पट्ट्यानं माणूस जागेवर राहतो, पण लोखंडच आत आलं तर पट्टा काय करणार?

लो बीमचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत पोचतो. ताशी ८० किलोमीटरनं जाताना अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर जातात आणि गाडी थांबायला आणखी पस्तीस. म्हणजे थांबेपर्यंत उजेड संपलेला असतो. ६० वर हेच सगळं पंचेचाळीस मीटरच्या आसपास बसतं. म्हणून मी टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी अंधार पडल्यावर मागितली. हेडलाइटचा उजेड कुठवर आणि किती सपाट पडतो ते आडरस्त्यावर जाऊन बघितलं. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असलेली मॉडेलं आता मिळतात आणि ती चांगलीच आहेत. पण बिनदिव्याच्या, उसाची टोकं बाहेर आलेल्या ट्रॉलीवर मी तिच्या भरवशावर राहणार नाही. हंगामात कोल्हापूरहून परतायचं ते दिवसाउजेडी, नाहीतर मुक्काम करून सकाळी.

तात्यांच्या मुलाचा ट्रॅक्टर आहे, हंगामात तो ऊस वाहतो. मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टरची रुंद पट्टी लावली. लावून झाल्यावर तो म्हणाला, ‘दादा, ऊस भरला की हे सगळं झाकतंय की.’ खरंच होतं, वरून लोंबणारा ऊस फळीवर येतो. मग पट्टी काढून खाली चेसिसच्या आडव्या पट्टीवर, ऊस पोचत नाही तिथं पुन्हा लावली, आणि मागच्या ट्रॉलीला दोन्ही कडांना एकेक गोल रिफ्लेक्टर बोल्ट केला. वायरिंग ट्रॉली जोडताना-सोडताना तुटतं, म्हणून दिवा टिकत नाही अशी त्याची तक्रार आहे. बॅटरीवर चालणारा, मॅग्नेटनं चिकटणारा लाल दिवा कुठं मिळतो ते मी उद्यमबागेत विचारून ठेवलंय.